मधला भाग

बँड फुटतो तेव्हा बातमी चार ओळींची येते. अमक्याने बँड सोडला, मतभेद मिटण्यापलीकडे गेले, चाहत्यांचे आभार. स्वित्झर्लंडच्या 'केल्टिक फ्रॉस्ट' या मेटल बँडची बातमी एप्रिल २००८ मध्ये अशीच आली. बँड उभा करणारा, त्यात गाणारा आणि गिटार वाजवणारा टॉम गेब्रियल फिशर बाहेर पडला होता. एकत्र काम करायला माणसामाणसांत जो किमान पाया लागतो तो झिजून गेला आहे आणि तो आता भरून निघणार नाही, असा त्याच्या निवेदनाचा आशय होता. काही महिन्यांत बँड संपल्याचंही जाहीर झालं.

मी त्या काळात त्यांचा 'मोनोथीइस्ट' हा अल्बम झपाटल्यासारखी ऐकत होते. २००६ चा अल्बम, सोळा वर्षांच्या खंडानंतर आलेला, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत खोल गेलेला. एवढं काम एकत्र बसून करणाऱ्यांचं दोन वर्षांत इतकं कसं बिनसतं, हा प्रश्न मला सोडेना. मग मी फिशरच्या मागच्या आयुष्यात शिरले. त्याने स्वतः लिहिलेलं, मुलाखतींतून सांगितलेलं जे हाती लागेल ते वाचत गेले. बिनसलं का, याचं समाधान होईल असं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. पण या माणसाने बँड मोडणं आणि पुन्हा मांडणं हेच जन्मभर केलं आहे हे कळलं, आणि दर वेळी मोडलेल्या पसाऱ्यातून तो नेमकं काय उचलून घेतो ते दिसू लागलं.

झुरिकजवळ न्यूरेन्सडॉर्फ नावाचं गाव आहे. फिशर तिथे वाढला. आई सारखी परदेशी, घरात एकटा मुलगा आणि डझनावारी मांजरं. बाहेर पडलं की गावातल्या पोरांचा मार. हे सगळं त्याने पुढे 'ओन्ली डेथ इज रिअल' या पुस्तकात सांगितलं आहे. अशा मुलाला ब्लॅक सॅबथ किंवा व्हेनम या बँडांच्या संगीतात काय सापडलं असेल ते मेटल न ऐकणाऱ्यालाही समजू शकेल. आपल्या मनात जो गोंगाट चालला आहे तो बाहेर कोणीतरी तेवढ्याच मोठ्या आवाजात वाजवतं आहे, हा दिलासा फार मोठा असतो.

१९८२ मध्ये त्याने 'हेलहॅमर' सुरू केला. तालमीची जागा होती शेजारच्या बिर्चविलमधला बंकर. अणुयुद्धाच्या भीतीने स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये कायदाच केला होता, की प्रत्येक रहिवाशाला आसरा मिळेल इतके भुयारी निवारे बांधायचे. जाड काँक्रीटच्या भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. जगबुडी होईल तेव्हा लपायला बांधलेल्या त्या खोलीत ही पोरं जगबुडीचीच गाणी वाजवत होती. वाद्यांवर हात बसलेला नव्हता. आसपासचे मेटल बँड वेगाची आणि सफाईची चढाओढ करत असताना हेलहॅमरचे रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे, कधी अंगावर धावून येत, कधी चिखलातून पाय ओढत चालल्यासारखे जड होत. त्या वेळच्या मेटल मासिकांनी त्यांची टर उडवली. हेलहॅमरने लोकांसमोर एकही कार्यक्रम केला नाही. बर्लिनमध्ये एक ईपी (अल्बमपेक्षा छोटी तबकडी) रेकॉर्ड केली, 'ॲपोकॅलिप्टिक रेड्स', ती १९८४ च्या वसंतात आली, आणि मे संपता संपता बँड मोडला.

हे पहिलं मोडणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात भांडण नव्हतं. फिशर विशीचा, आणि बेस वाजवणारा मार्टिन एरिक आइन तर सतरालाही पोचला नव्हता. दोघं बसले आणि त्यांनी ठरवलं, की हेलहॅमरचं नाव आपल्याला जिथे जायचं आहे तिथे नेणार नाही. १ जून १९८४ ला केल्टिक फ्रॉस्ट जन्माला आला. एक सूरही वाजवण्याआधी पुढच्या अल्बमांची नावं, कल्पना, मांडणी यांचा आराखडा त्यांनी कागदावर केला होता. बंकरमधल्या दोन पोरांनी आधी ग्रंथसूची लिहावी आणि मग ग्रंथ लिहायला बसावं, असा तो प्रकार. आणि त्यातलं बरंच त्यांनी खरं करून दाखवलं. नोव्हेंबरात 'मॉर्बिड टेल्स' आला, पुढच्या वर्षी 'टू मेगा थेरियन'.

'टू मेगा थेरियन'वर एच. आर. गिगर यांचं चित्र आहे. गिगर म्हणजे 'एलियन' या चित्रपटातल्या त्या भयंकर प्राण्याचे जनक, १९८० च्या ऑस्करचे मानकरी. हेलहॅमरच्या दिवसांतच फिशरने त्यांना पत्र पाठवलं होतं: आम्ही कोण, काय वाजवतो, तुमची चित्रं आम्हाला का आपली वाटतात. जगप्रसिद्ध चित्रकाराने त्या अनोळखी, पैसे नसलेल्या, सगळ्यांच्या थट्टेचा विषय झालेल्या मुलांना उत्तर दिलं आणि चित्र वापरायची परवानगी दिली, मोबदला न घेता. ज्यांची कोणी दखल घेत नव्हतं त्यांची दखल घेणारा माणूस त्याच प्रदेशातला, झुरिकमध्येच राहणारा निघाला. या पत्राचा धागा पुढे तीस वर्षं टिकला.

पण त्या गाजलेल्या अल्बमवर आइनचा बेस नाही. तो तेव्हा बँडबाहेर होता, दुसऱ्याने वाजवला. मग तो परतला. १९८८ च्या अल्बमवर पुन्हा नाही, १९९० च्या अल्बमवर पुन्हा आहे. केल्टिक फ्रॉस्टचा इतिहास या दोघांच्या जाण्यायेण्याने भरलेला आहे. आइन कॅथलिक वातावरणात वाढलेला, धर्माशी मनातल्या मनात सतत वाद घालणारा. बँडच्या शब्दांत आणि कल्पनांत जी प्रार्थनेची आणि बंडाची सरमिसळ आहे तिच्यात त्याचा वाटा मोठा. फिशर रिफ आणणारा आणि ते घशातून खरवडून काढलेल्या आवाजात म्हणणारा. त्याचा तो 'उह्' असा छोटा हुंकार जगभरच्या मेटलवाल्यांना पाठ आहे. अमेरिकेतल्या ऑबिच्युअरीने त्यांचं गाणं रेकॉर्ड केलं, ब्राझीलच्या सेपुल्टुराने केलं, नॉर्वेची एक अख्खी पिढी त्यांच्या रिफवर पोसली. या दोघांपैकी एकाला वगळून जे उरतं ते अपुरं असतं, हे दोघांनाही ठाऊक असावं. नाहीतर इतक्या वेळा परत कोण येतं?

१९८७ च्या 'इनटू द पँडेमोनियम'मध्ये त्यांनी मेटलमध्ये व्हायोलिनं आणली, फ्रेंच हॉर्न आणला, बाईचा शास्त्रीय ढंगाचा गळा आणला. आज हे नवल वाटत नाही. तेव्हा रेकॉर्ड कंपनीला ते पचलं नाही आणि वादांनी बँड पोखरला. त्याच अल्बमवर 'रेक्स इराए' नावाची रचना आहे. ती एका रेक्वियमचा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा, पहिला भाग. एकूण भाग तीन करायचे ठरले होते. पुढचे दोन येणार होते.

ते आले नाहीत. आला तो 'कोल्ड लेक'. माणसं बदललेली, केस फुगवलेले, अमेरिकेतल्या तेव्हाच्या चकचकीत ग्लॅम बँडांसारखा अवतार. चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. आपल्या हातून झालेलं ते सर्वांत वाईट काम, असं फिशर उघडपणे म्हणत आला आहे. जुने अल्बम पुन्हा निघाले तेव्हा त्यांत 'कोल्ड लेक' नव्हता. १९९३ मध्ये बँड विरला. फिशरने मधल्या काळात 'अपॉलियॉन सन' नावाचा बँड काढला, यंत्रांच्या आवाजाशी खेळणारा. त्याचा माग मी फार काढला नाही, कारण मला त्यात फिशर सापडत नाही.

२००१ मध्ये तो आणि आइन पुन्हा एकत्र आले. कोणत्याही कंपनीच्या मुदतीला बांधून न घेता, स्वतः पैसा उभा करून, पाच वर्षं घासून त्यांनी 'मोनोथीइस्ट' केला. त्याच्या शेवटी 'विंटर' नावाची चार-साडेचार मिनिटांची वाद्यरचना आहे. गिटार नाही, ड्रम नाही, फक्त तंतुवाद्यांचा संथ विलाप. तो त्या रेक्वियमचा तिसरा भाग. पहिला १९८७ चा, तिसरा २००६ चा, आणि मधला कुठेच नाही. दोन वर्षांनी बँडच संपला.

आपल्याकडे घर फुटतं तेव्हा वाटणी होते. शेत, भांडी, देव्हारा, कोणाला काय याची यादी होते. आजीची ओवी म्हणायची लकब कोणाच्या वाटणीला आली ते कुठल्याच कागदावर येत नाही. बँडचंही तसंच. नाव, बोधचिन्ह, जुन्या अल्बमांचे पैसे यांवरून लोक कोर्टात जातात. एकाच नावाचे दोन बँड एकाच वेळी गावोगाव वाजत फिरत आहेत असं मेटलमध्ये घडलेलं आहे. अर्धवट सुटलेलं गाणं मात्र कोणी मागत नाही. ते मागितल्याने काही मिळत नाही, उलट ते पुरं करायची जबाबदारी अंगावर येते.

कॉलेजात असताना आमचाही ठाण्यात बँड होता आणि मी बेस वाजवायची. तो का मोडला ते सांगण्यासारखं नाही. नोकऱ्या, लग्नं, एक कडवट झालेली मैत्री, सगळ्यांचं असतं तेच. त्याचं नाव नंतर कोणी वापरलं नाही. पण आम्ही एका गाण्याची सुरुवात आणि शेवट बसवला होता आणि मध्ये काय यावं यावर अडलो होतो. ती सुरुवात आजही माझ्या बोटांत आहे. गिटार हातात घेतली की बोटं आपोआप तिकडे जातात आणि ठरलेल्या जागी थांबतात. म्हणून त्या रेक्वियमची रिकामी जागा मला इतकी बोचत राहिली असेल.

केल्टिक फ्रॉस्ट सोडल्यावर त्याच वर्षी फिशरने 'ट्रिप्टिकॉन' उभा केला. जुन्या बँडच्या शेवटच्या दौऱ्यांत सोबत वाजवणारा गिटारवादक व्ही. सांतुरा त्याच्याबरोबर आला, बेसवर वान्या श्लाय आली. पुढच्या केल्टिक फ्रॉस्ट अल्बमसाठी जे त्याच्या मनात होतं तेच आता ट्रिप्टिकॉनचं झालं. २०१० च्या मार्चमध्ये 'एपारिस्टेरा डायमोनेस' आला. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मधूनच बंद करावा लागला, इतका त्यात संताप आहे. पहिलंच गाणं अकरा मिनिटांचं, शेवटचं एकोणीस मिनिटांचं, आणि दोन्हींत एक माणूस आपल्याच आयुष्याच्या ढिगाऱ्यावर उभा राहून ओरडतो आहे. नव्याने सुरुवात करणारा माणूस हलका होऊन निघतो, असं आपण मानतो. फिशर सगळं ओझं घेऊन निघाला आणि ते ओझंच त्याने वाजवलं. मला हे अधिक प्रामाणिक वाटतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाकडे कोरी पाटी कुठून येणार?

त्या अल्बमवरही गिगर यांचंच चित्र आहे. तोवर फिशर त्यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम करू लागला होता. ज्याला पत्र लिहिलं त्याच्याच घरात तो आता रोजची कामं करत होता, त्यांच्या उतारवयात त्यांच्या सोबतीला होता. दुसरा अल्बम, 'मेलाना कॅसमाटा', एप्रिल २०१४ मध्ये आला, त्यावरही गिगर. महिन्याभरात, १२ मे रोजी, गिगर गेले.

आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये आइन गेला. हृदयविकाराचा झटका, वय पन्नास. झुरिकमध्ये तो बार आणि क्लब चालवणारा, शहराच्या रात्रींना ओळखीचा माणूस झाला होता. फिशरने त्या वेळी लिहिलं त्यात गोडवा नव्हता. आमचं नातं गुंतागुंतीचं होतं, त्यात संघर्ष होते, हे त्याने लपवलं नाही. पण आपलं आयुष्य या माणसाशी किती घट्ट बांधलेलं होतं तेही सांगितलं. मार्टिनशिवाय केल्टिक फ्रॉस्ट नाही, ही भूमिका त्याने घेतली आणि ती सोडलेली नाही. मृत्युलेखात माणसं सहसा भांडणं पुसून टाकतात. त्याने ती राहू दिली, आणि त्यामुळे त्याचं दुःख मला जास्त खरं वाटलं.

नेदरलँड्समध्ये टिलबर्ग शहरात 'रोडबर्न' नावाचा महोत्सव भरतो. २०१० मध्ये तिथल्या एका दिवसाचं संयोजन फिशरकडे होतं. त्या महोत्सवाने त्याला गळ घातली: रेक्वियम पुरं करा, इथे वाजवा. १२ एप्रिल २०१९ रोजी ट्रिप्टिकॉन आणि मेट्रोपोल ऑर्केस्ट तिथे एका मंचावर बसले. संचालनाला फिनलंडचे युक्का ईसाक्किला, गायला सफा हेराघी. आधी १९८७ चा पहिला भाग. मग कोणीच कधी न ऐकलेला मधला भाग, 'ग्रेव्ह इटर्नल', बत्तीस मिनिटांचा. मग २००६ चा 'विंटर'. सुरू केलं तेव्हा फिशर तेविशीत होता. पुरं झालं तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता आणि ज्याच्याबरोबर सुरू केलं तो नव्हता.

हे ध्वनिमुद्रण मे २०२० मध्ये बाहेर आलं. आपण सगळे तेव्हा घरांत कोंडलेले होतो. माझा मामा त्याच महिन्यात नाशिकला वारला. जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता, स्मशानात मोजकीच माणसं चालत होती. आम्ही ठाण्यात बसून फोनच्या पडद्यावर अंत्यविधी पाहिला आणि मध्येच चित्र अडकलं. त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी 'रेक्वियम' लावलं. मधल्या भागात फार कमी घडतं. ढोलाचे एकेकटे ठोके, मध्ये मोकळी जागा. एक आवाज विचारल्यासारखा वर चढतो, उत्तर न घेता उतरतो. खूप उशिरा सांतुराची गिटार येते आणि रडल्यासारखी लांबत जाते. पहिल्या भागातला तरुण माणूस मृत्यूकडे एखाद्या भव्य दृश्याकडे पाहावं तसा पाहतो. तिथे राजे आहेत, क्रोध आहे, रंगमंच आहे. मधल्या भागात ते काही उरलेलं नाही. तिथे कोणीतरी नुसतं बसून आहे. मग 'विंटर' सुरू झालं तेव्हा आई आतल्या खोलीतून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कोण गेलं गं?" तिने आयुष्यात मेटल ऐकलेलं नाही. मी तिला मार्टिन आइनबद्दल सांगितलं, जमेल तसं. ती खुर्ची ओढून बसली आणि शेवटापर्यंत उठली नाही.

मला वाटतं, तो मधला भाग १९८८ मध्ये आला असता तर दुसराच काहीतरी झाला असता. कौशल्य तेव्हाही असेल. पण तीन बँड मोडून झालेले, वडीलधारा गेलेला, सोबती गेलेला, आणि सोबत्याशी शेवटपर्यंत पूर्ण न मिटलेलं काहीतरी मनात राहिलेलं, हे सगळं त्या मोकळ्या जागांत ऐकू येतं. ठोका पडतो आणि पुढचा यायला वेळ लागतो, त्या वेळात.

त्याच २०१९ मध्ये फिशरने आणखी एक गोष्ट केली. 'ट्रायम्फ ऑफ डेथ' या नावाने माणसं जमवून तो हेलहॅमरची गाणी जाहीर कार्यक्रमांत वाजवू लागला; बंकरमध्ये बसवलेली ती गाणी, पस्तीस वर्षांनी. बँडचं नाव हेलहॅमरच्या एका गाण्यावरून घेतलेलं आहे, हेलहॅमर हे नाव त्याने घेतलं नाही. केल्टिक फ्रॉस्टची गाणी तो ट्रिप्टिकॉनबरोबर गातो, पण जाहिरातीवर नाव ट्रिप्टिकॉनचंच असतं. जुन्या नावाला आज तिकिटं किती जास्त खपतील हे त्याला कळत नसेल असं नाही. आयोजक विचारत असतील, चाहते तर विचारतातच. मीही चाहती आहे, आणि त्या नावाखाली तो उभा राहिलेला मला एकदा तरी पाहायचा होता. तरी तो नाव परत घेत नाही हेच बरं, असं माझं मत आहे. ते दोघांचं होतं. त्यातला एक नाही म्हणून दुसऱ्याचा हिस्सा वाढत नाही.